विलंबाचा अधिकार : संघराज्यातील राज्यशासन आणि महाराष्ट्राचा अनुभव

प्रस्तावना

भारतीय संघराज्यातील राज्यशासनाचा विषय मराठीतील क्रमिक पुस्तकांतून ज्या पद्धतीने मांडला जातो तिचा एक ठरलेला साचा आहे. राज्यपालांचे अधिकार कार्यकारी, कायदेविषयक, अर्थविषयक, न्यायविषयक आणि स्वविवेकाधीन अशा वर्गांत विभागले जातात. त्यानंतर मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ आणि विधानसभा अध्यक्ष यांची कार्ये येतात आणि केंद्र-राज्य संबंधांच्या प्रकरणात सरकारिया आयोगाच्या शिफारशी नोंदवून विषय संपतो. या यादीत चूक काहीच नाही. मात्र ती पाठ करूनही २०१९ नंतरच्या महाराष्ट्रात प्रत्यक्ष काय घडले, हे अभ्यासकाला उलगडत नाही. त्या काळातील अनेक निर्णायक प्रसंगांत अधिकार वापरल्याने जेवढे घडले, त्याहून अधिक अधिकार न वापरल्याने, किंवा अनपेक्षित घाईने वापरल्याने घडले. मंजुरी द्यावयाची होती, ती दिली गेली नाही आणि नाकारलीही गेली नाही. निर्णय द्यावयाचा होता, तो दीड वर्षाने आला. ‘वेळ’ हा राज्याच्या राजकारणातील स्वतंत्र अधिकार आहे आणि तो कोणत्याही यादीत नमूद नाही.

या काळावर झालेले बहुतेक लेखन व्यक्तिकेंद्रित आहे. अमुक राज्यपाल पक्षपाती होते, तमुक अध्यक्ष नि:पक्षपाती नव्हते, असा त्याचा सूर असतो. वृत्तपत्रीय चर्चेपुरते ते स्वाभाविक आहे; राज्यशास्त्रीय चिकित्सेला मात्र ते पुरे पडत नाही. व्यक्ती बदलल्या तरी विलंबाचे तंत्र बदलत नाही, आणि ते एकाच पक्षाच्या हाती राहिलेले नाही. प्रस्तुत लेखात या तंत्राची मुळे संविधानाच्या रचनेत कोठे आहेत, महाराष्ट्रात ते कसे चालले आणि राज्यशासन स्वतः ते कोणाविरुद्ध वापरते, याचा विचार केला आहे.

संविधानातील घड्याळे

संविधानाने राज्याच्या निर्वाचित संस्थांना अनेक घड्याळे लावून दिली आहेत. (घड्याळ हा शब्द येथे कोणत्याही पक्षचिन्हाच्या अर्थाने नाही.) विधिमंडळाच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर असता कामा नये. सभागृहाचा सदस्य नसलेला मंत्री सहा महिन्यांत सदस्य न झाल्यास त्याचे मंत्रिपद संपते. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश निष्प्रभ होतो. राष्ट्रपती राजवटीची उद्घोषणा संसदेच्या मान्यतेविना दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. विधानसभेने संमत केलेले धनविधेयक विधान परिषदेने चौदा दिवसांत परत केले नाही, तर ते दोन्ही सभागृहांनी संमत केले असे मानले जाते. साध्या विधेयकाबाबतही परिषदेला प्रथम तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा संमत केल्यास एक महिना, एवढाच अवधी आहे.

या सर्व तरतुदींत एक समान गोष्ट आहे व ती सहसा नजरेतून निसटते. प्रत्येक ठिकाणी मुदत संपल्यावर काय होईल हे संविधानाने आधीच सांगून ठेवले आहे. मंत्रिपद जाते, अध्यादेश सरतो, विधेयक संमत झाले असे मानले जाते. कोणी काहीच केले नाही तरी परिणाम घडतो, म्हणून टाळाटाळ करणाऱ्याला टाळाटाळीचा लाभ मिळत नाही.

अनुच्छेद २०० येथे वेगळा पडतो. विधिमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपालांपुढे आले की संमती देणे, संमती रोखणे किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवणे हे पर्याय त्यात आहेत. विधेयक फेरविचारासाठी परत पाठवायचे असल्यास ते ‘शक्य तितक्या लवकर’ पाठवावे असे परंतुकात म्हटले आहे. ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणजे किती, हे मात्र कोठेही नाही. पुढील अनुच्छेद २०१ तर अधिक बोलका आहे. राष्ट्रपतींनी राखीव विधेयक राज्याकडे परत पाठवण्यास सांगितले, तर विधिमंडळाने सहा महिन्यांच्या आत त्याचा फेरविचार केला पाहिजे. राष्ट्रपतींनी स्वतः किती दिवसांत निर्णय घ्यावा याबद्दल तो अनुच्छेद मौन पाळतो. जनतेने निवडून दिलेल्या सभागृहाला मुदत आहे. ज्या स्तरावरून केंद्र शासन बोलते त्याला नाही. संघराज्यातील असमतोलाचे इतके नेमके उदाहरण करवाटपाच्या सूत्रांतही सापडणार नाही.

हे मौन अनवधानाने राहिलेले नाही. संसदेच्या विधेयकांवरील राष्ट्रपतींच्या संमतीबाबत संविधानाच्या मसुद्यात सहा आठवड्यांची मर्यादा होती. संविधान सभेत ती वगळून त्या जागी ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द आले. ह. वि. कामत यांनी या शब्दांच्या संदिग्धतेकडे तेव्हाच लक्ष वेधले होते. राज्यपालाच्या पदाबद्दल डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची भूमिका अशी होती की, राज्यपालाला स्वतःच्या बळावर पार पाडावयाची कार्ये जवळजवळ नाहीतच. तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागेल. १९४९ मध्ये निर्वाचित राज्यपालाची कल्पना सोडून नियुक्त राज्यपालाची कल्पना स्वीकारताना हाच भरवसा पायाशी होता. सल्ल्याने वागणारा राज्यपाल फार काळ विधेयक अडवून धरणार नाही, मग मुदत कशाला, असा तो विचार दिसतो. पुढे हा भरवसा टिकला नाही आणि मुदतीचा अभाव तेवढा उरला.

हा अभाव आयोगांच्या नजरेतून सुटला होता असेही नाही. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये राज्यपालांसाठी चार महिन्यांची मर्यादा सुचवली, तर न्या. पुंछी आयोगाने २०१० मध्ये सहा महिन्यांची. या काळात केंद्रात वेगवेगळ्या आघाड्यांची सरकारे आली आणि गेली. घटनादुरुस्तीचे विधेयक एकाही सरकारने आणले नाही. केंद्रातील सत्ताधाऱ्याला, तो कोणीही असो, हे मौन सोयीचे वाटत आले आहे.

घाई आणि दिरंगाई

महाराष्ट्र विधानसभेच्या २०१९ च्या निवडणुकीचे निकाल २४ ऑक्टोबर रोजी लागले. भारतीय जनता पक्ष व शिवसेना यांची निवडणूकपूर्व युती मुख्यमंत्रिपदाच्या प्रश्नावर मोडली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी प्रथम भाजप, नंतर शिवसेना आणि नंतर राष्ट्रवादी काँग्रेस यांना सत्तास्थापनेबाबत विचारणा केली. शिवसेनेने तीन दिवसांची वाढीव मुदत मागितली, ती मिळाली नाही. राष्ट्रवादीला १२ नोव्हेंबरच्या रात्री साडेआठपर्यंत वेळ होता; तो संपण्यापूर्वीच राष्ट्रपती राजवटीची उद्घोषणा झाली. अकरा दिवसांनी, २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती राजवट उठवण्यात आली आणि सकाळी आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी पार पडला. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न घेता पंतप्रधानांना निर्णयाची मुभा देणाऱ्या कामकाज नियमाचा आधार घेतला गेला. २७ नोव्हेंबरच्या सायंकाळी पाचपर्यंत बहुमत सिद्ध करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २६ तारखेस दिला आणि त्याच दिवशी ते सरकार राजीनामा देऊन मोकळे झाले. दोन आठवड्यांच्या या नाट्यात तास आणि मिनिटे यांना केवढे मोल होते ते वेगळे सांगावयास नको. ज्या राज्यपालपदाला शिवसेनेसाठी तीन दिवस काढता आले नाहीत, त्यानेच पुढे एका कागदावर दोन वर्षे काढली. ही हकीकत नीट पाहण्यासारखी आहे.

उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. मे २०२० च्या अखेरीपर्यंत सदस्य होणे त्यांना भाग होते. कोविडच्या साथीमुळे विधान परिषदेची निवडणूक पुढे ढकलली गेली. मंत्रिमंडळाने एप्रिलमध्ये दोनदा त्यांच्या नामनियुक्तीची शिफारस केली. राज्यपालांनी ती मान्य केली नाही, फेटाळलीही नाही. अखेर ३० एप्रिल रोजी त्यांनी निवडणूक आयोगाला निवडणूक घेण्याची विनंती केली, आयोगाने ती मानली आणि ठाकरे बिनविरोध निवडून आले. मुख्यमंत्र्याच्या डोक्यावर सहा महिन्यांची टांगती तलवार आणि राज्यपालांच्या हाती अमर्याद काळ, हा संविधानातील विषम करार या प्रसंगात प्रथमच इतक्या उघडपणे दिसला. शेवटी मुख्यमंत्र्याचे पद वाचले ते घटनात्मक तरतुदीने नव्हे. दिल्लीतून हालचाल झाली म्हणून.

त्यानंतर बारा जागांचे प्रकरण आले. ७८ सदस्यांच्या विधान परिषदेत साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ व समाजसेवा या क्षेत्रांतील बारा सदस्य राज्यपाल नामनियुक्त करतात. जून २०२० मध्ये या जागा रिकाम्या झाल्या. महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात बारा नावांची यादी राजभवनाकडे पाठवली. (या यादीत साहित्य व विज्ञान यांपेक्षा पक्षकार्याचेच वजन जास्त होते, हे मान्य करावयास हवे. पण ती प्रथा सर्वच सरकारांची आहे आणि यादी सदोष वाटली तर कारणे देऊन परत पाठवण्यास राज्यपाल मोकळे होते.) ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, शिफारस स्वीकारणे किंवा परत पाठवणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे आणि ते वाजवी मुदतीत पार पाडले गेले पाहिजे; उलटलेले आठ महिने ही वाजवी मुदत नव्हे. अनुच्छेद ३६१ मुळे राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसल्याने न्यायालयाने आदेश मात्र दिला नाही. निर्णय झाला नाही तो झालाच नाही. जून २०२२ मध्ये सत्तांतर झाले, सप्टेंबरमध्ये नव्या मंत्रिमंडळाने जुनी यादी मागे घेतली, आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे ज्या दिवशी विधानसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला त्याच दिवशी, नव्या यादीतील सात सदस्यांचा शपथविधी झाला. चार वर्षांहून अधिक काळ परिषदेचा सुमारे पंधरा टक्के भाग रिकामा राहिला.

येथे कोणताही नकार नोंदला गेला नाही हे ध्यानात घेतले पाहिजे. नकार असता तर त्याला कारणे द्यावी लागली असती, त्या कारणांना आव्हान देता आले असते, विधिमंडळात चर्चा झाली असती. मौनाला आव्हान देणे अवघड असते. त्यात पकडावयास वाक्यच नसते. विलंब हा नकाराहून बलवान ठरतो तो याच कारणाने.

अध्यक्षांची खुर्ची

हे सारे राजभवनातच घडले असे मानणे एकांगी होईल. नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी विधानसभा अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर नव्या अध्यक्षाची निवड तातडीने करणे आघाडी सरकारला शक्य होते. गुप्त मतदानात आपले आमदार फुटतील या धास्तीने सरकारने स्वतःच ते लांबवले. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून खुल्या मतदानाची तरतूद केली, तेव्हा राज्यपालांनी त्या बदलाच्या वैधतेवर बोट ठेवून निवडणुकीची तारीख निश्चित केली नाही. सतरा महिने महाराष्ट्राची विधानसभा अध्यक्षाविना, उपाध्यक्षांच्या भरवशावर चालली. सत्तांतरानंतर मात्र चारच दिवसांत, ३ जुलै २०२२ रोजी, खुल्या मतदानानेच राहुल नार्वेकर यांची निवड झाली.

या रिकाम्या खुर्चीची किंमत जून २०२२ मध्ये कळली. एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखाली शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, तेव्हा त्यांच्यावरील अनर्हतेच्या अर्जांचा निर्णय उपाध्यक्ष नरहरी झिरवळ यांच्याकडे आला. त्यांच्याविरुद्ध लगेच पदच्युतीची सूचना दिली गेली. अरुणाचल प्रदेशच्या नबाम रेबिया प्रकरणात २०१६ मध्ये दिलेल्या निकालानुसार, स्वतःच्या पदच्युतीची सूचना प्रलंबित असताना पीठासीन अधिकारी अनर्हतेचा निर्णय करू शकत नाही. त्या आधारे उपाध्यक्षांचे हात बांधले गेले. २७ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत दिली. दुसऱ्याच दिवशी राज्यपालांनी ३० जून रोजी बहुमत सिद्ध करण्याचे पत्र मुख्यमंत्र्यांना पाठवले. एकीकडे अनर्हतेचे घड्याळ थांबवले गेले आणि दुसरीकडे बहुमताचे घड्याळ पळवले गेले. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे कायद्यात बसणाऱ्या वाटतात. त्यांच्या क्रमात सरकार पडले.

पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी दिलेल्या निकालात, राज्यपालांपुढे वस्तुनिष्ठ सामग्री नसताना बहुमत चाचणीचा आदेश देणे समर्थनीय नव्हते असे म्हटले. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने पूर्वस्थिती आणता येणार नाही, हेही त्याच निकालात आले. चूक ठरली, परिणाम कायम राहिला. अनर्हतेचा निर्णय अध्यक्षांनी ‘वाजवी मुदतीत’ द्यावा असे न्यायालयाने सांगितले. ‘शक्य तितक्या लवकर’ची जागा येथे ‘वाजवी मुदती’ने घेतली, एवढाच फरक. मणिपूरच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा निर्णयासाठी साधारण तीन महिन्यांचा मापदंड दिलेला होता. महाराष्ट्रात न्यायालयाला सप्टेंबर व ऑक्टोबर २०२३ मध्ये अध्यक्षांच्या संथपणाबद्दल नापसंती व्यक्त करावी लागली, ३१ डिसेंबर ही तारीख ठरवावी लागली, पुढे ती १० जानेवारी २०२४ पर्यंत वाढवावी लागली. त्या दिवशी निर्णय आला. कोणीही अनर्ह ठरले नाही. अर्ज दाखल झाल्यापासून सुमारे दीड वर्ष लोटले होते आणि विधानसभेची मुदत संपण्यास दहा महिने उरले होते. पक्षांतरबंदीचा कायदा सभासदत्व काढून घेण्यासाठी आहे. सभासदत्वाचा बहुतेक काळ उपभोगून झाल्यावर येणारा निर्णय कोणत्याही बाजूचा असला, तरी कायद्याचा हेतू तोवर संपलेला असतो.

विधेयकांचा प्रवास

विधेयक राखून ठेवण्याचा अधिकार नवा नाही. केरळचे १९५७ चे शिक्षण विधेयक राष्ट्रपतींकडे गेले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे अभिमत मागवले गेले, मे १९५८ मध्ये ते मिळाले, विधेयकात दुरुस्त्या झाल्या आणि १९५९ मध्ये संमती मिळाली. त्या वेळच्या राजकीय संघर्षाबद्दल काहीही मत असो, त्या प्रवासाला कारणे होती व ती सर्वांसमोर होती. तमिळनाडूत याउलट चित्र दिसले. जानेवारी २०२० पासूनची विधेयके राज्यपालांकडे पडून होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संमती रोखल्यास विधेयक परत पाठवलेच पाहिजे असे म्हटल्यानंतर हालचाल झाली, विधानसभेने दहा विधेयके पुन्हा संमत केली आणि राज्यपालांनी ती सर्वच्या सर्व राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली. ८ एप्रिल २०२५ रोजी द्विसदस्यीय खंडपीठाने हे बेकायदेशीर ठरवले, कालमर्यादा घालून दिल्या आणि अनुच्छेद १४२ खाली ती विधेयके संमत झाली असे मानले.

हा निकाल फार काळ टिकला नाही. राष्ट्रपतींनी चौदा प्रश्न न्यायालयाकडे पाठवले आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने अभिमत दिले. राज्यपालांना विधेयक परत न पाठवता नुसते रोखून ठेवता येणार नाही, हे त्यात मान्य झाले. दीर्घ आणि कारणाविना चाललेल्या निष्क्रियतेबाबत न्यायालय मर्यादित निर्देश देऊ शकेल, हेही मान्य झाले. मात्र संविधानात नसलेली कालमर्यादा न्यायालयाने घालणे आणि मुदत उलटल्यावर संमती मिळाली असे मानणे, या दोन्ही गोष्टी नाकारण्यात आल्या.

अधिकारविभाजनाच्या दृष्टीने या अभिमतात तर्क आहे. संविधानात नसलेले कलम न्यायालयाने लिहू नये, हा आक्षेप हलका नव्हे. परंतु ‘संमत झाले असे मानणे’ ही कल्पनाच संविधानाला परकी आहे असा त्याचा अर्थ कोणी काढू लागल्यास तो चुकीचा ठरेल. विधान परिषदेच्या बाबतीत घटनाकारांनी तीच युक्ती शब्दशः वापरली आहे. दुसऱ्या सभागृहाचे मौन संमती मानावे आणि राज्यपालांचे मौन नकारासारखे चालू द्यावे, याला ऐतिहासिक कारण असेल, तात्त्विक कारण दिसत नाही.

महाराष्ट्राच्या ‘शक्ती’ विधेयकाचे उदाहरण या संदर्भात फारसे चर्चिले जात नाही. महिला व बालकांवरील अत्याचारांसाठी कठोर शिक्षा आणि जलद तपास यांची तरतूद करणारे हे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केले. केंद्रीय फौजदारी कायद्यांत राज्यापुरता बदल करणारे असल्याने त्याला राष्ट्रपतींची संमती आवश्यक होती. मृत्युदंडासारख्या तरतुदींवर आक्षेप घेण्यास जागा होती. ते घेऊन विधेयक लवकर परत आले असते तर दुरुस्ती झाली असती. ते संमतीविना राहिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, फौजदारी प्रक्रिया संहितेचीही तीच गत झाली, आणि विधेयकाला ज्यांत मुख्य दुरुस्ती करावयाची होती ते कायदेच अस्तित्वात राहिले नाहीत. विधेयक कोणी फेटाळले नाही. त्याच्या पायाखालची जमीन सरकली. या प्रकरणात राज्यात व केंद्रात एकाच आघाडीचे सरकार आल्यानंतरही फरक पडला नाही. विलंब हा केवळ विरोधी पक्षाच्या राज्यांना भोगावा लागतो, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

उपाय घटनादुरुस्तीत आहे असे म्हटले जाते. पण अनुच्छेद २०० व २०१ ज्या प्रकरणात येतात, त्याच्या दुरुस्तीस निम्म्या राज्यांची मान्यता लागत नाही; संसदेचे विशेष बहुमत पुरते. राज्यांच्या कायदे करण्याच्या अधिकाराला थेट भिडणारी ही तरतूद राज्यांना विचारल्याशिवाय बदलता येते, आणि राज्यांनी कितीही ठराव केले तरी त्यांना ती बदलता येत नाही.

खालच्या पायरीवर

येथवरची मांडणी ‘केंद्र अन्याय करते आणि राज्य सोसते’ या परिचित सूत्रात सहज बसवता येईल. तसे करण्यापूर्वी राज्यशासन स्वतः वरच्या पायरीवर असते तेव्हा काय करते ते पाहिले पाहिजे. १९९३ पासून अमलात असलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार नगरपालिकेची पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी तिची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. अनुच्छेद २०० मध्ये जे नाही, ते येथे स्वच्छ शब्दांत आहे. तरीही तेव्हाच्या औरंगाबाद महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, बृहन्मुंबई महापालिकेची ७ मार्च २०२२ रोजी संपली, आणि राज्यातील महापालिकांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात मुंबईचा अर्थसंकल्प एका प्रशासकाने मांडला आणि त्यानेच मंजूर केला. २२७ नगरसेवकांचे सभागृह ओस होते.

कारणे देण्यात आली आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. आरंभी साथ होती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत मार्च २०२१ च्या निकालाने तिहेरी चाचणीची अट घातली होती. मुंबईतील प्रभागांची संख्या आघाडी सरकारने २३६ केली, पुढच्या सरकारने ती पुन्हा २२७ वर आणली. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’ आदेश दिला आणि त्यानंतर तारखांमागून तारखा पडत राहिल्या. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले, नंतर ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली. म्हणजे या विलंबात न्यायसंस्थेचाही वाटा आहे, आणि तो थोडा नाही.

या अनुभवाने कालमर्यादेचा आग्रह धरणाऱ्यांपुढे एक गैरसोयीचा प्रश्न उभा राहतो. नुसती मुदत लिहून ठेवल्याने भागते काय? नगरपालिकांच्या तरतुदीत मुदत आहे, पण ती मोडल्यावर राज्य शासनाचे काहीही जात नाही. उलट प्रशासकामार्फत महापालिका थेट मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. मुदत मोडणाऱ्यालाच लाभ होत असेल तर मुदत शोभेची राहते. परिषदेच्या चौदा दिवसांची तरतूद चालते, कारण पंधराव्या दिवशी परिषद अधिकार गमावते. पुंछी आयोगाचे सहा महिने उद्या अनुच्छेद २०० मध्ये आले आणि सातव्या महिन्यात काय होईल हे लिहिले गेले नाही, तर राजभवनातील फाइल आणि महापालिकेचे सभागृह यांची गत एकच होईल.

राज्य शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. बृहन्मुंबई महापालिकेची मुदत संपली त्याच दिवशी, ७ मार्च २०२२ रोजी, प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेणारी विधेयके विधिमंडळात मांडण्यात आली. सत्ताधारी आघाडी आणि विरोधी भाजप यांचे त्या काळात फारशा विषयांवर जमत नव्हते. ही विधेयके एकमताने संमत झाली. बारा सदस्यांची यादी तेव्हा राजभवनात सोळा महिने पडून होती. या विधेयकांना राज्यपालांची संमती मिळून ११ मार्च रोजी ती कायदा म्हणून अमलात आली. चार दिवस लागले.